एक्झोसोममध्ये आरएनए भरून औषध करता येईल का? पीएच.डी.चा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "एम.फार्म. झालंय, पीएच.डी.चा विषय ठरवतोय. पेशींनी बाहेर सोडलेल्या एक्झोसोममध्ये, म्हणजे पटलाने वेढलेल्या इवल्याशा पुटिकांमध्ये, एसआयआरएनए भरायचं आणि ते मेंदूपर्यंत न्यायचं, असं डोक्यात आहे. गाइड म्हणतात, लिपिड नॅनोपार्टिकल बाजारात आली आहेत, मग या पुटिकांच्या मागे कशाला लागायचं? आणि विषय घेतलाच तर सुरुवात कुठून करू? आमच्या विभागात इलेक्ट्रोपोरेशनचं यंत्र आहे."

विषय जरूर घ्या. मात्र सुरुवात इलेक्ट्रोपोरेशनने, म्हणजे विजेचे स्पंद देऊन पटलाला छिद्रं पाडण्याने, करू नका आणि पहिली दोन वर्षं मेंदूचं नाव काढू नका. आरएनए पेशीच्या आत पोचवणं हेच बरीच वर्षं माझं काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुमच्या गाइडचा मुद्दा, कारण तो रास्त आहे. एसआयआरएनए म्हणजे ठरावीक जनुक बंद करणारा, एकवीस-तेवीस जोड्यांचा दुपदरी आरएनए, रेणुभार साधारण १३ ते १४ हजार डाल्टन, अंगभर ऋण भार. नुसतं रक्तात सोडलं तर आरएनएज विकरं त्याचे तुकडे करतात, उरलेलं मूत्रपिंड बघता बघता बाहेर टाकतं, आणि जे पेशीपर्यंत पोचतं ते पटलाच्या स्निग्ध थरातून आत शिरू शकत नाही. म्हणून वाहक हवा. २०१८ मध्ये पॅटिसिरान हे पहिलं एसआयआरएनए औषध अमेरिकेत मंजूर झालं ते लिपिड नॅनोपार्टिकलच्या, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या अतिसूक्ष्म कणांच्या, जोरावर. हे कण रक्तात गेले की त्यांना अपोलिपोप्रोटीन-ई चिकटतं आणि यकृताच्या पेशी त्यांना आपलं समजून उचलतात. पाठोपाठ २०१९ मध्ये गिवोसिरान आलं. त्यात कणच नाही. एसआयआरएनएला गॅलनॅक ही साखर जोडलेली असते, आणि तिचा ग्राहक यकृतपेशींवर भरपूर असतो. थोडक्यात, यकृतापुरता प्रश्न सुटलेला आहे. यकृतातलं एखादं जनुक बंद करायला एक्झोसोम वापरू म्हणणाऱ्याला मी दुसरा अवयव शोधायला सांगतो.

हृदय, स्नायू, मेंदू, घट्ट गाठींचे कर्करोग हे मात्र अजून बाकी आहेत. शिवाय कृत्रिम कणांवरच्या पीईजी या बहुवारिकाच्या आवरणाविरुद्ध काही रुग्णांत प्रतिपिंडं तयार होतात. ज्या आजारात वर्षानुवर्षं डोस द्यायचे आहेत तिथे ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. शरीरातल्या पेशी एरवीही ज्या पुटिका सोडतात त्यांना ही अडचण कमी यावी, ही अपेक्षा वाजवी आहे. या क्षेत्राचं खरं कारण तेच.

इतिहासाचे चार टप्पे माहीत असू द्या. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलला रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुइसला फिलिप स्टाल यांच्या प्रयोगशाळांनी, वेगवेगळं काम करत, एकच गोष्ट पाहिली: लाल रक्तपेशी पक्व होताना नको असलेला ट्रान्सफेरिन ग्राहक इवल्याशा पुटिकांतून बाहेर टाकते. १९८७ मध्ये जॉनस्टोन यांनी त्यांना एक्झोसोम म्हटलं. पेशी नको ते बाहेर टाकते एवढाच त्याचा अर्थ लावला जात होता. १९९६ मध्ये बी लिम्फोसाइटच्या पुटिका टी पेशींना जागं करतात हे दिसलं. २००७ मध्ये गोथेनबर्गच्या गटाने उंदराच्या मास्ट पेशींचे एक्झोसोम माणसाच्या मास्ट पेशींना दिले, तेव्हा माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिनं तयार झालेली सापडली. म्हणजे आत एमआरएनए होता आणि तो कामाचा होता. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या मॅथ्यू वुड यांच्या गटाने त्यावर कळस चढवला. उंदराच्या डेंड्रिटिक पेशींत लॅम्प-२बी प्रथिनाला रेबीज विषाणूच्या प्रथिनातला छोटा तुकडा जोडला, त्या पेशींच्या एक्झोसोममध्ये एसआयआरएनए भरलं, शिरेतून दिलं, आणि मेंदूतल्या बेस-१ जनुकाचा एमआरएनए सुमारे ६० टक्क्यांनी घटला. तुमच्या डोक्यातली कल्पना बहुधा याच कामातून आली आहे. माझ्या पिढीतले कितीतरी जण त्याच कामामुळे या विषयात आले.

आता कागद-पेन्सिल घ्या. पुढचा हिशेब तुम्ही स्वतः करावा असं मला मनापासून वाटतं.

१०० नॅनोमीटर व्यासाची पुटिका धरा. पटलाची जाडी वजा केली तर आतला व्यास ९० नॅनोमीटरच्या आसपास, आणि आतलं आकारमान सुमारे ४ गुणिले १० चा उणे १९ वा घात लिटर. समजा पेशीद्रवात तुमच्या एसआयआरएनएची संहती १ मायक्रोमोलर आहे. हे फार उदारपणे धरलंय, कारण त्यासाठी एकेका पेशीत लाखो मोकळे रेणू हवेत. पुटिका बनताना तिच्यात पेशीद्रवाचा जेवढा थेंब अडकला, त्यात सरासरी किती रेणू येतील? पाव. चार पुटिकांमागे एक रेणू. निसर्गातली स्थिती याहून पातळ आहे. २०१४ मध्ये एका गटाने एकेका मायक्रोआरएनएच्या (जनुकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या पेशीतल्या छोट्या आरएनएच्या) प्रती मोजल्या, तेव्हा शंभराहून अधिक पुटिकांमागे सरासरी एक प्रत निघाली, आणि तीही भरपूर आढळणाऱ्या मायक्रोआरएनएची.

आता डोसाकडून उलटं या. पॅटिसिरानचा डोस किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. ६० किलोच्या माणसाला १८ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ८ गुणिले १० चा १७ वा घात इतके रेणू. पुटिकेमागे एक रेणू धरला तर तितक्याच पुटिका लागतील. पेशीसंवर्धनाच्या द्रवात मिलिलिटरमागे १० अब्ज पुटिका मिळाल्या तर उत्तम म्हणायचं, आणि त्या हिशेबाने एका माणसाच्या एका डोसाला सुमारे ८० हजार लिटर द्रव लागेल. पुटिकेमागे शंभर रेणू भरता आले तर तोच आकडा ८०० लिटरवर येतो. पुटिका लिपिड कणांपेक्षा जास्त कार्यक्षम निघाली तर आणखी कमी. म्हणून माझं म्हणणं असं की, या विषयातला पहिला खरा प्रश्न 'कुठे न्यायचं' हा नाहीच. 'आत किती गेलं' आणि 'त्यातलं पेशीद्रवात किती उतरलं' हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. मेंदू त्यानंतर.

भरण्याबद्दल. तुमच्या विभागातलं इलेक्ट्रोपोरेशनचं यंत्र पेशींसाठी उत्तम आहे. पुटिकांसाठी ते फसवं का ठरतं, हे २०१३ मध्ये युट्रेख्टच्या गटाने दाखवलं, आणि तो प्रयोग तुम्हाला एका दिवसात करून बघता येईल. क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या छोट्या कुपीत) फक्त बफर आणि एसआयआरएनए घ्या, एकही पुटिका घालू नका. स्पंद द्या. क्युव्हेटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांतून धातूचे आयन सुटतात, त्यांचा साका होतो आणि एसआयआरएनए त्यात अडकतं. आता हा द्रव १,००,००० जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट बलाने, फिरवा. एसआयआरएनए तळाशी येतं. पुटिका घातलेल्या नळीतही नेमकं हेच होतं, आणि आपण आनंदाने लिहितो की इतकं टक्के एसआयआरएनए भरलं गेलं. साका होणारच नाही अशी परिस्थिती त्यांनी ठेवली तेव्हा पुटिकांसोबत जवळजवळ काहीच उरलं नाही. तरीही इलेक्ट्रोपोरेशनने भरलेल्या पुटिकांवरचे शोधनिबंध आजही येतात. वाचताना एकच बघा: पुटिका न घालता केलेला कंट्रोल दिलाय का?

दुसरी कसोटी आरएनएजची, म्हणजे आरएनए तोडणाऱ्या विकराची. आरएनए आत असेल तर पटल त्याला वाचवेल, बाहेर चिकटलेला असेल तर विकर त्याला खाईल, हे तत्त्व सरळ आहे. गोम तपशिलात आहे. बाहेरचा आरएनए प्रथिनांनी झाकलेला असू शकतो, म्हणून एका नळीत नुसतं आरएनएज, दुसरीत आधी प्रथिनं तोडणारं प्रोटीनेज-के, ते निष्क्रिय करून मग आरएनएज, आणि तिसऱ्या नळीत ट्रायटन या साबणासारख्या द्रव्याने पटल फोडून तेच सगळं. तिसऱ्या नळीत सिग्नल जायलाच हवा, नाहीतर कसोटी कुचकामी. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे आरएनएज-ए मिठाचं प्रमाण जास्त असेल तर दुपदरी आरएनएला फारसं हात लावत नाही, आणि रासायनिक बदल केलेलं एसआयआरएनए तर मुळातच टिकाऊ केलेलं असतं. मग 'सुरक्षित राहिलं' हा निष्कर्ष पुटिकेमुळे आला की मिठामुळे? म्हणून मोकळं एसआयआरएनए त्याच बफरमध्ये, त्याच विकरासोबत ठेवलेली चौथी नळी हवीच. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी ही चार नळ्यांची कसोटी बसवायला लावतो. ती बसल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही.

मग भरायचं कसं? कोलेस्टेरॉल जोडलेलं एसआयआरएनए पटलात आपोआप रुतून बसतं. सोपं आहे, रेणूही बऱ्यापैकी बसतात, पण ते बाहेरच्या बाजूला असतात आणि जास्त घातले तर पुटिका एकमेकींना चिकटतात. लाल रक्तपेशींच्या पुटिका हा दुसरा मार्ग. २०१८ मध्ये हाँगकाँगच्या गटाने त्यांतून अँटिसेन्स (एमआरएनएला चिकटून त्याला बंद पाडणारे छोटे तुकडे) आणि जनुक कापणाऱ्या कॅस-९ प्रथिनाचा एमआरएनए नेऊन दाखवला. लाल पेशींत केंद्रक नसतं, त्यामुळे डीएनएची भीती नाही, आणि कच्चा माल रक्तपेढीत असतो. मला स्वतःला सर्वांत आश्वासक वाटतो तो तिसरा मार्ग: भरण्याचं काम पेशीकडूनच करून घ्यायचं. पुटिकेत हमखास जाणाऱ्या सीडी-६३ सारख्या प्रथिनाशी आरएनए पकडणारं प्रथिन जोडायचं, आणि आपल्या आरएनएवर त्या प्रथिनाला ओळखू येईल अशी खूण ठेवायची. ईटीएच झुरिकच्या बाझेल इथल्या फुसेनेगर यांच्या गटाने २०१८ मध्ये एल-७एई हे आरएनए पकडणारं प्रथिन आणि सी/डी बॉक्स ही त्याची आरएनएवरची खूण ही जोडी वापरून हेच केलं. यात नशिबावर काही सोडलेलं नसतं. पेशीद्रवातली संहती कमी असली तरी आरएनए ओढून आणला जातो, आणि मघाच्या पाव रेणूचा हिशेब बदलतो. यात एक काळजी घ्या. पेशींत प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) घालताना वापरलेला अभिकर्मक आणि उरलेलं प्लाझ्मिड पुटिकांसोबत वाहून येतं आणि ग्राहक पेशीत स्वतःच काम करतं. तुम्ही श्रेय पुटिकेला देता. शक्यतो जनुक पेशीच्या जीनोममध्ये कायमचं बसवलेल्या पेशी वापरा.

उतरण्याचा प्रश्न त्याहून अवघड. पेशी पुटिका गिळते, पण गिळलेलं सगळं एंडोसोम या पेशीतल्या पिशवीत जातं आणि तिथून लायसोसोममध्ये, म्हणजे विघटनाला. एसआयआरएनएचं काम पेशीद्रवात. लिपिड कणांचंसुद्धा इथे फार कौतुक करण्यासारखं नाही: २०१३ च्या मोजमापानुसार त्यांनी आत नेलेल्या एसआयआरएनएपैकी फक्त १ ते २ टक्के पेशीद्रवात सुटतं. नैसर्गिक पुटिकांबद्दलचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. काहींना त्या रेणूमागे लिपिड कणांपेक्षा कितीतरी सरस वाटल्या, तर काहींना विषाणूचं व्हीएसव्ही-जी सारखं पटल जोडणारं प्रथिन बसवल्याशिवाय काहीच उतरताना दिसलं नाही. मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं जास्त पटतं, निदान आपण रोज वापरतो त्या पेशींपुरतं. पण विषाणूचं प्रथिन बसवलं की प्रतिकारशक्ती जागी होणार, आणि 'शरीराचं स्वतःचं' हा पुटिकांचा मुख्य गुण तिथेच पातळ होतो. माणसाच्या स्वतःच्या जीनोममधलं, गर्भाच्या वारेत पेशी जोडणारं सिन्सिटिन वापरून ही कोंडी फोडता येते का, यावर काम चालू आहे. तुमच्या प्रबंधाला इथे भरपूर जागा आहे.

यासाठी रंग लावून मायक्रोस्कोपखाली चकाकणारे ठिपके दाखवू नका. पीकेएच सारखे स्निग्ध रंग पाण्यात स्वतःच पुटिकांएवढे गोळे करतात आणि ते पेशींत छान दिसतात. शिवाय ठिपका दिसला म्हणजे गिळलं गेलं इतकंच कळतं. आरएनए उतरलं तरच दिवा लागेल अशी रिपोर्टर पेशी वापरा. युट्रेख्टच्याच गटाने २०२० मध्ये केलेली रचना मला आवडते. ग्राहक पेशीत कॅस-९ आधीच आहे, पुटिकेतून फक्त कॅस-९ला कुठे कापायचं ते दाखवणारं गाइड आरएनए येतं, आणि ते खरंच पेशीद्रवात आलं तरच पेशी हिरवी चमकते. एक हिरवी पेशी हजार लाल ठिपक्यांपेक्षा जास्त सांगते.

मेंदूबद्दल आता थोडक्यात. शिरेतून दिलेल्या पुटिका उंदरात काही मिनिटांत रक्तातून नाहीशा होतात आणि बहुतेक यकृत, प्लीहा आणि फुप्फुसांत सापडतात. रेबीजचा तुकडा लावल्याने थोडा हिस्सा वळतो, मोठा नाही. मेंदूच हवा असेल तर थेट मणक्यातल्या द्रवात द्यायचा विचार करा. ते काम तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं आहे, आणि तोवर वरचे दोन आकडे तुमच्या हातात असतील.

माणसांवर काय चाललंय, असं गाइड विचारतीलच. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये रघू कलुरी यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगातल्या केआरएएस जी-१२डी या बदलाविरुद्ध एसआयआरएनए भरलेले एक्झोसोम २०१७ मध्ये उंदरांवर यशस्वी करून दाखवले. पुटिकांवरचं सीडी-४७ हे प्रथिन भक्षक पेशींना 'मला खाऊ नका' असं सांगतं, म्हणून त्या रक्तात जास्त वेळ टिकल्या, असं त्यांचं म्हणणं. त्यावरची पहिल्या टप्प्याची मानवी चाचणीही सुरू झाली. दुसरीकडे, या क्षेत्रातल्या सर्वांत नावाजलेल्या कंपन्यांपैकी एक, कोडियाक, पुटिकांवर अँटिसेन्स लावून यकृताच्या कर्करोगात चाचणी घेत असतानाच मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. भांडवल आटलं, पण पुटिकांत प्रथिनं बसवण्याचं त्यांनी प्रकाशित केलेलं पीटीजीएफआरएन या पटलातल्या प्रथिनाचा आधार घेणारं तंत्र आजही उपयोगी आहे. त्यांचे निबंध जरूर वाचा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी विषय घेतलात की घरचे आणि ओळखीचे विचारणारच. पुण्या-मुंबईत केसांसाठी, चेहऱ्यासाठी, गुडघ्यांसाठी 'एक्झोसोम' देणाऱ्या जाहिराती दिसतात. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, काही रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाल्यावर, असं एकही उत्पादन आपण मंजूर केलेलं नाही, असा जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे नवीन औषधाची चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या चाचणी-नोंदवहीत, आधी नोंदवावी लागते आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. नोंद नसताना आणि वर पैसे घेऊन सुई टोचत असतील, तर नातेवाइकांना स्पष्ट 'नको' सांगा. या विषयातल्या माणसाचं ते कर्तव्यच आहे असं मी मानतो.

आता सुरुवात. एचईके-२९३ या प्रयोगशाळेत नेहमी वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी घ्या, शक्यतो सीरमविरहित माध्यमात. गोवंशीय सीरममध्ये स्वतःच्या पुटिका आणि मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. ते रात्रभर, निदान १८ तास, फिरवूनही पूर्ण जात नाहीत. शुद्धीकरणासाठी अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर विसंबू नका. फिरवायचंच असेल तर नळीची बाहेरची बाजू आधी मार्करने खूण करून ठेवा, कारण पेलेट काचेसारखा पारदर्शक असतो, बहुतेकदा दिसतच नाही, आणि वरचा द्रव ओतताना तोच निघून जातो. गाळणीने द्रव आटवून मग आकारानुसार वेगळं करणारा कॉलम लावला तर पुटिका धडधाकट राहतात आणि मोकळी प्रथिनंही बरीच मागे राहतात. ओळख पटवायला पुटिकांच्या पटलावरची सीडी-९, सीडी-६३, सीडी-८१ ही प्रथिनं आणि आतलं टीएसजी-१०१ दाखवा, पण कॅल्नेक्सिन हे पेशीच्या आतल्या पटलांचं प्रथिन नाही हेही दाखवा, म्हणजे फुटलेल्या पेशींचा कचरा नाही हे कळेल. कण मोजणारं यंत्र पुटिका आणि प्रथिनांचा गोळा यांत फरक करत नाही, त्यामुळे कणांची संख्या नेहमी प्रथिनाच्या मोजमापासोबत लिहा. बाह्यपेशीय पुटिकांवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मिसेव्ह २०२३ ही मार्गदर्शक तत्त्वं छापून टेबलावर ठेवा. परीक्षक त्यातूनच प्रश्न काढतात. आणि आजपासून 'एक्झोसोम'ऐवजी 'बाह्यपेशीय पुटिका' लिहायची सवय लावा. तुमच्या नळीतली प्रत्येक पुटिका एंडोसोममधूनच आली, हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं.

गाइडना भेटायला जाताना मेंदूचं चित्र नेऊ नका. दोन पानं न्या. पहिल्यावर वरचा डोसाचा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडलेला, दुसऱ्यावर चार नळ्यांची कसोटी आणि हिरव्या पेशीचा रिपोर्टर. पुटिकेमागे किती रेणू आणि त्यातले किती पेशीद्रवात, हे दोन आकडे पहिल्या दीड वर्षात काढतो, असं सांगा. निधी मागताना अल्ट्रासेंट्रिफ्यूजच्या आधी कॉलम आणि आरएनएचे रेणू मोजणाऱ्या डिजिटल पीसीआरची सोय मागा. आणि इलेक्ट्रोपोरेशनचं यंत्र रिपोर्टर पेशी तयार करायला वापरा.